साडूंची रंगपरीक्षा

समोर माणूस आला की त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या गालावर उजेड किती पडलाय ते बघणारा इसम अख्ख्या खानदेशात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो, ते धुळ्याला. लग्नाच्या फिल्म काढतात. ‘शूटिंगवाले’ म्हटलं की दोन दिवस बोलत नाहीत. त्यांच्या कॅमेऱ्यावर एक छोटा पडदा बसवलाय. त्याचं बटण दाबलं की समोरचं जग रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसतं. हे रंग फिल्ममध्ये उतरत नाहीत, फक्त उजेड मोजण्यापुरते असतात: काळोख जांभळा, मधला उजेड हिरवा, त्याच्यावर एक पायरी गुलाबी, आणि जे जळून पांढरंफटक होणार ते लाल. फॉल्स कलर म्हणतात त्याला. साडूंनी हे शिकून घेतलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं कायमचं सोडून दिलं. “डोळ्याला सवय लागते भाऊ,” ते मला सांगतात, “पडद्याला नाही लागत.”

आता अशा माणसाला जेवायला बोलवायचं म्हणजे काय होत असेल, विचार करा. आमच्या बैठकीतली ट्यूब त्यांनी तीनदा बदलायला लावली, का, तर तिच्याखाली मी जांभळा दिसतो. भरीत निवून गेलं तरी चालेल, पण माझी खुर्ची खिडकीकडे सरकलीच पाहिजे. पिंपळनेरच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाच्या आजोबांची पांढरी टोपी उन्हात लालभडक दिसायला लागली, तर हे थेट मांडवात जाऊन म्हणाले, आबा, टोपी जरा काढता का? आबांनी शांतपणे सांगितलं की ती आता सरणावरच निघेल. मग साडू कॅमेरा तिकाटण्यावर लावून लग्न लागेपर्यंत आबांच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले. आबांना वाटलं, काय मान ठेवतो हा माणूस. पंगतीत शेजारी बसवून त्यांना आग्रह करकरून वाढलं. मी हसतो खरा, पण कामासाठी इतकं करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

चुकले ते एकदाच, पण चांगलेच चुकले. शिकवणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की चेहरा गुलाबीत आणायचा, म्हणजे काम फत्ते. यांनी ते वेदवाक्य मानलं आणि पुढची काही वर्षं दिसेल तो चेहरा उजेड वाढवून वाढवून गुलाबीत नेला. आमच्या मेहुण्याच्या लग्नाची फिल्म शिरपूरजवळच्या सासुरवाडीला सगळ्यांनी मिळून पाहिली. उन्हातान्हात राबलेली सगळी माणसं पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखी दिसत होती. लोक खूश. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, रंगाने चांगल्या सावळ्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हाई कोनं लगीन शे?” लग्न कुणाचं, एवढंच विचारून उठून भाकरी टाकायला गेल्या.

साडूंना ते फार लागलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की गुलाबी हे गोऱ्या कातडीचं माप. आपले चेहरे हिरव्यात बसतात, कुणाचे त्याच्याही खाली, आणि तिथेच राहू दिले तर ते खरे दिसतात. त्या उन्हाळ्यात त्यांनी झाडून सगळे नातेवाईक मोजले. माझा निकाल ‘हिरव्याच्या अर्धी पायरी खाली’ असा लागला आणि बायकोने तो आल्यागेल्याला सांगितला. अक्का मात्र कॅमेरा दिसला की पदर ओढून आत. आपल्यामागे भिंतीवर फोटोसुद्धा लावायचा नाही, असं त्यांनी लेकींना बजावलं होतं. ऐंशीला टेकलेली बाई. माझी बायको एकदा रडवेली होऊन साडूंना म्हणाली, “आई गेली की आम्हाला तिचं तोंड कुठे दिसणार?” साडूंनी मान खाली घातली.

माझ्या मुलीच्या लग्नात अक्का मागच्या अंगणात खापरावर मांडे करायला बसल्या. साडू समोर जाऊन उकिडवे बसले. इथून उठा, तिकडे सरका, काही नाही. मला मात्र पांढरी चादर धरून उभं केलं, उजेड अक्कांच्या तोंडावर परतावा म्हणून. वधूपिता मी, वरपक्षाची माणसं मला शोधतायत, आणि मी तासभर चादर धरून उभा. साडू पडद्याकडे बघून पुटपुटत होते, “राहू द्या, राहू द्या, वर न्यायचं नाही.” अक्कांचे दोन्ही हात मांड्यात, पदर ओढायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घरच्या टीव्हीवर लावलं. हातावर मांडा फिरवणाऱ्या अक्का, जशाच्या तशा. अक्का टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हाई मी नही शे.”

साडूंचा चेहरा पडला. मग अक्का आणखी पुढे सरकल्या. “हाई मनी माय शे.”

अक्कांच्या आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. लेकी दोन्ही बाजूंनी त्यांना धरून बसल्या होत्या.

आम्ही दोघं जावई बाहेर ओसरीवर आलो. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, जमलं राव तुम्हाला.

“माझी आई त्या पहिल्या वर्षांतच गेली भाऊ,” ते म्हणाले. “खूप काढलंय तिचं मी. सगळीकडे गुलाबीत नेऊन ठेवली.”