कांबळे मॅडमचा पाचवा पेपर

अर्थशास्त्र हे निवडीचे शास्त्र आहे आणि शिक्षण म्हणजे निवडीचे स्वातंत्र्य, असे आमचे प्राचार्य दर जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना सांगत. वाक्य चांगले होते. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात निवड खरोखरच होत असे. फक्त ती विद्यार्थी सोडून बाकी सगळे करत.

प्रवेशाच्या दिवसांत पोर्चमध्ये प्रत्येक विषयाचे टेबल मांडलेले असे. विषयाला पोरे कमी पडली की तास कमी होतात आणि तास कमी झाले की प्राध्यापक जास्तीचा ठरतो. त्यामुळे एरवी वर्गात खुर्चीतून न उठणारी मंडळी तिथे मंडईतल्या आवाजात बोलत. "या की पावणं, नोट्स तयार हायत, पास व्हायचं आमच्याकडं लागलं!" अर्थशास्त्राच्या टेबलावर मात्र सुभद्रा कांबळे मॅडम आलेले गिऱ्हाईक परतवायच्या तयारीने बसत. तिसऱ्या वर्षाला 'स्पेशल', म्हणजे मुख्य विषय म्हणून अर्थशास्त्र मागणाऱ्याला त्या विचारत, "का घेतोस?"

"देशाची आर्थिक परिस्थिती बिकट हाय, मॅडम."

"कशावरून?"

"पेपरात येतंय की."

"पेपरवाल्याला कशावरून कळलं?"

मुलगा आशेने इतिहासाच्या टेबलाकडे बघू लागे. तरीही जागेवर उभा राहिला, तर मॅडम म्हणत, "बस. तेच शिकायचंय."

हा 'कशावरून' त्या कुणालाही लावत. आपली संस्था म्हणजे एक कुटुंब आहे असे अध्यक्ष म्हणाले, तेव्हाही त्यांनी तो पहिल्या रांगेतून विचारला होता. अध्यक्षांनी पाणी मागवले.

स्पेशलला पाच पेपर. चार ठरलेले, पाचव्याला विद्यापीठाने पर्याय दिला होता, संख्याशास्त्र किंवा सहकार. पर्याय विद्यार्थ्याचा, पण कोणता शिकवायचा हे ठरवणार कॉलेज. नव्वदीतले दिवस होते, बाजार खुला झाला म्हणून सगळीकडे व्याख्याने चालली होती, आणि उपभोक्ता हा बाजाराचा राजा असतो हे आम्ही ज्या मुलांकडून पाठ करून घेत होतो त्यांना दोन पेपरांतला एक निवडता येत नव्हता. आमच्याकडे मॅडमनी संख्याशास्त्र धरून ठेवले होते, आजूबाजूच्या कॉलेजांनी सहकार घेतला होता. साखर कारखाना आणि दूध संघ यांवर आमच्या जिल्ह्यातला मुलगा पुस्तक न उघडता चार पाने लिहितो. एम.ए.ला मात्र संख्याशास्त्र सक्तीचे होते. सहकारवाली मुले विद्यापीठाच्या दारापर्यंत वाजतगाजत जात आणि पहिल्या परीक्षेनंतर गुपचूप गावी परतत. हे सगळ्यांना माहीत होते. मॅडमना त्याचा रागही येत असे, एवढाच फरक.

त्यांच्या स्पेशलची पोरे रोडावली, तेव्हा प्राचार्यांनी बोलावून सांगितले, "पाचवा पेपर बदला. नाहीतर पुढच्या वर्षी स्पेशल बंद."

"म्हणजे दार रुंद करायला घर पाडायचं व्हय, सर?"

"मॅडम, तुम्हाला जागा मिळालीय. ती सांभाळा."

"मिळाली न्हाय. मी घेतलीय," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्या रागावल्या की त्यांचे गाव, मुरगूड, बोलू लागे.

मी राज्यशास्त्र शिकवत असे, म्हणजे मूलभूत हक्क पाठ करून घेत असे. सुट्टीत गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा करायची आम्हा सगळ्यांची रीतच होती, म्हणून मॅडमबरोबर मीही हुपरीला गेलो. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्रात पहिली आलेली शोभा तिसऱ्या वर्षाला हिंदी घेणार होती. का, ते मॅडमना कळत नव्हते. घरात वडील आणि भाऊ पैंजणांना घुंगरं जोडत बसले होते. वडील मान वर न करता म्हणाले, "मॅडम, पोरीला सोपा इषय द्या की. अवघड कशाला?"

"अवघड हाय म्हणून ती हिंदी घेतीया?"

"न्हाय ओ, मॅडम," शोभा आतून म्हणाली. "तुमचा पाचवा पेपर शेवटच्या तासाला हाय. तो केला की येष्टी चुकती. पुढच्या येष्टीनं आल्यालं घरात चालत न्हाय."

"चालत न्हायच," वडील म्हणाले.

 परतताना बसमध्ये मॅडम एकदम म्हणाल्या, "मी प्रवेशाला गेलते तवा टेबलावरचा मास्तर म्हणाला, तुझं आडनाव बघून सांगतो, झेपंल ते घे. ह्या पोरीला तर येष्टीचं टायम बघून सांगायलेत." मग जरा वेळाने, "आनि आपण म्हणतोय, मुलींना गणित नको असतं. कशावरून, सर?"

त्यांनी आणखी गावे पालथी घातली. कागलकडच्या मुलींचेही तेच. मग स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी संख्याशास्त्राला सकाळचा तास मागितला. सकाळी एकच वेळ मोकळी करता येण्याजोगी होती, आणि त्या वेळेला प्राचार्य स्वतः हॉलमध्ये सर्व वर्गांना मूल्यशिक्षण देत. वेळापत्रक ही कॉलेजची घटना आहे, ती अशी बदलता येत नाही, असे ते म्हणाले.

मॅडम उठल्या. "सर, मूल्यं दुपारी शिकवली तर कमी होत्यात का?"

मीटिंग तिथेच संपली.

जूनमध्ये मॅडमनी पोर्चमधले टेबल घेतलेच नाही. एसटी स्टँडवर उभ्या राहिल्या आणि बसमधून उतरणाऱ्या मुलींना सांगत सुटल्या, "पाचवा पेपर सकाळी, कॉलेज भरायच्या आधी. येष्टी चुकणार न्हाय." शोभा आली. तिच्यामागून आणखी आल्या. स्पेशलचा आकडा भरला. वर्गखोली त्या वेळी उघडून मिळत नव्हती, म्हणून तास सायकल स्टँडच्या पत्र्याखाली चाले. फळा भिंतीला टेकवलेला असे. मध्यक काढून होईपर्यंत तो दोनदा घसरे.

प्राचार्यांनी मेमो दिला: वेळापत्रकाप्रमाणे शेवटच्या तासाला आपल्या वर्गात विद्यार्थी आढळत नाहीत, खुलासा करावा. मॅडम मेमो घेऊन स्वतःच गेल्या. मी बाहेर उभा होतो, पण त्यांचे बोलणे ऐकायला आत असावे लागत नसे.

"त्या तासाला मी वर्गात असते का न्हाय, तेवढं सांगा, सर."

"असता. एकट्याच."

"मग झालं की! मी रोज दोन तास घेते. सकाळचा पोरींसाठी आनि दुपारचा तुमच्या वेळापत्रकासाठी. दोघांपैकी कुणाचीच तक्रार नसावी."

हे खरे होते. मुली येष्टीत बसलेल्या असत, तेव्हा मॅडम रिकाम्या वर्गात हातात खडू घेऊन तास संपेपर्यंत बसत. फळ्यावर तारीख आणि विषयही लिहिलेला असे. पुढे कधीतरी प्राचार्य बदलले. नव्यांनी संख्याशास्त्र सकाळी नेले आणि मूल्ये दुपारी ढकलली. मूल्यांना कोणी आले नाही, पण मेमो निघाला नाही.

शोभा एम.ए. झाली, पुढे सांगलीकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली. तिच्यामागून दरवर्षी दोनतीन मुली विद्यापीठात गेल्या आणि टिकल्या.

दोन हजारनंतर काही वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाला शोभा आली होती. ती बोलायला उभी राहिली आणि दोन वाक्यांतच खाली बसली. भरपाई अध्यक्षांनी केली. विद्यार्थिनींच्या सोयीचे वेळापत्रक ही आमच्या संस्थेची जुनी परंपरा आहे, असे ते म्हणाले. मी मॅडमकडे बघितले. त्यांचे ओठ हलले, शब्द ओळखीचा होता. पण गळ्यात हार होता आणि माईक अध्यक्षांकडे. कांबळे मॅडमनी लावलेली ही ज्ञानज्योत कधीही विझू देणार नाही, असा शब्द अध्यक्षांनी दिला. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

मॅडमची जागा भरली गेली नाही. जूनपासून पाचवा पेपर सहकार झाला. त्या वर्षी अर्थशास्त्र स्पेशलचा निकाल शंभर टक्के लागला.