रामहरीच्या तीन बरण्या

रामहरीवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं ऐकताना तुम्हाला त्याची कीव येईल, आणि मग माझा राग कुणी ऐकून घेणार नाही.

हा बाबा अकरा वर्षं चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता. बायको लंकाबाई इकडं गावात, हा तिकडं चौघांबरोबर पत्र्याच्या खोलीत. दिवाळीला चार दिवस यायचा, तेव्हाही मोबाईल वाजला की दचकून उभा राहायचा. एका दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. कोपरगावहून शिर्डीला जाताना सावळीविहीरच्या अलीकडं, रस्त्याला लागून एक शेड भाड्यानं घेतलं आणि खानावळ टाकली. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, ठेचा. शेंगोळे तो स्वतःच्या हातानं वळायचा. मला म्हणाला, "हनुमंता, आता मेलो तरी चाकणला जायाचो न्हाई. म्हातारपनी तरी बायकोच्या हातचा चहा पिऊ दे की."

मी पेंटर. फ्लेक्स आला आणि माझ्या ब्रशाला कुणी कुत्रं विचारेना. रामहरीनं मात्र बोर्ड माझ्याकडूनच करून घेतला. आठ बाय चारचा पत्रा, पिवळ्यावर लाल अक्षरं, आणि कोपऱ्यात साईबाबांचा चेहरा. चेहरा मी माझ्या मनानं काढला, त्याचे पैसे लावले नाहीत. लई सुरेख उतरला होता, खोटं कशाला बोलू.

खानावळ बरी चालली होती. रोज वीसेक ताटं उठायची. पण रामहरीच्या डोक्यात किडा शिरला. कोपरगावात एका मंगल कार्यालयात धंदेवाल्यांचं शिबिर होतं, तिथं हा जाऊन बसला. टाय लावलेल्या सरांनी सांगितलं म्हणे, की गिऱ्हाईक कशामुळं आलं हे ज्याला माहीत नाही त्यानं शटर ओढून घरी बसावं. झालं! घरी येईपर्यंत याला घाम फुटला. कारण याचा पैसा तीन वाटांनी जात होता. एक, गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरला फुकट जेवण आणि वर माणशी वीस रुपये. दोन, मोबाईलवरची जाहिरात. तीन, माझा बोर्ड. यातलं काय चालतं आणि काय नुसतं खातं, देव जाणे.

त्यानं लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या आणल्या. माझ्याकडून वर नावं लिहून घेतली: ड्रायव्हर, मोबाईल, बोर्ड. शेजारी टोपलीभर चिंचोके. वाढायला लंकाबाई असायची, म्हणून विचारायचं काम तिच्याकडं. तिला दम भरला, "हे बघ, सोताच्या मनाचं काई टाकायचं न्हाई. मानूस तोंडानं सांगंल तेच. आन् रात्री जेवढी ताटं तेवढे चिंचोके भरले पायजेत. एकबी कमी चालायचा न्हाई." अकरा वर्षं गेटवर नोंदी केलेला माणूस, दुसरं काय सुचणार त्याला!

महिन्यानं मोजले. मोबाईल सदुसष्ट, ड्रायव्हर एकशे बावीस, बोर्ड चारशे अकरा. रामहरी नाचायचा बाकी राहिला. भर रस्त्यात मला मिठी मारली. "अरे तुझा बोर्ड हाय का जादू हाय?" माझीही कॉलर ताठ झाली. चार वर्षांनी कुणीतरी माझ्या हाताला नावाजलं होतं. त्यानं तिथल्या तिथं आणखी दोन बोर्ड सांगितले, एक कोपरगावच्या अंगाला, एक राहात्याच्या. ड्रायव्हरचं आणि मोबाईलचं बंद करणार म्हणाला.

दोन दिवसांनी मापं घ्यायला गेलो तेव्हा तिथंच जेवायला बसलो. बाहेर टेम्पो ट्रॅव्हलर थांबली. गुजरातकडची बारा माणसं उतरली. ड्रायव्हर नेहमीचा, तो सरळ मागच्या टेबलावर जाऊन बसला. जेवणं झाल्यावर लंकाबाईनं एका म्हातारीला विचारलं, "माँजी, इधर कैसे आये?" म्हातारीनं हात जोडले. "बाबा ने बुलाया, बेटी." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिर्डीला येणारा माणूस दुसरं बोलणार तरी काय?

लंकाबाईनं बारा चिंचोके उचलले आणि बोर्डच्या बरणीत टाकले.

मी हातातला घास ताटात ठेवला. "वहिनी, ह्यांना तर ड्रायव्हरनं आणलं."

"मला काय दिसत न्हाई का भावजी? पन ती म्हनाली बाबांनी आनलं. बाबांची बरनी कुठंय? बोर्डावर बाबा हायेत, मंग त्यातच टाकते. निम्मी मानसं हेच सांगत्यात. हे म्हनले मनाचं टाकायचं न्हाई."

सरळ बाई. नवऱ्यानं सांगितलेलं तिनं काटेकोर पाळलं होतं. त्याच मिनिटाला मी उठून भट्टीपाशी जायला हवं होतं. रामहरी तिथं शेंगोळे वळत होता, पाच पावलांवर. पण माझ्या खिशात दोन बोर्डांचा इसार होता. आणि खरं सांगू? बाबांचा तो चेहरा मीच काढलेला, त्यानंच माणसं येतात असं मलाही वाटायला लागलं होतं. मी हात धुतला आणि मापं घेतली.

बोर्ड लागले, ड्रायव्हरांचं बंद झालं. पहिल्या आठवड्यात ताटं निम्म्यावर आली, महिन्यात चारावर. ड्रायव्हर गाडी हळूसुद्धा करेनात. अरे, समोर रिकामा रस्ता दिसतोय, गाड्या नाकासमोरून जातायत, तरी रामहरी म्हणायचा, "दम धर, बोर्ड नवीन हाय." याचाच मला राग. शेवटी तो त्या नेहमीच्या ड्रायव्हरपुढं हात जोडून उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, आता फुडच्या हॉटेलवाल्याला शब्द दिलाय." पाडव्याला शेडमालकानं शेड दुसऱ्याला दिलं.

परवा त्याला कोपरगावच्या स्टँडवर सोडायला गेलो. चाकणला त्याच गेटवर जागा मिळाली होती. लंकाबाई भाकरीचं फडकं हातात धरून उभी होती. रामहरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बोर्डाचं काई चुकलं न्हाई बरं का. मानसं आनली त्यानं, आकडाच हाय. जेवून गेली ती परत फिरकली न्हाईत, एवढंच. खरं सांग हनुमंता, माझ्या हाताला चवच न्हाई ना?"

त्याच्यासारखे शेंगोळे अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नाहीत. पण चव होती म्हणालो असतो, तर तो विचारणार, मग काय चुकलं? आणि लंकाबाई हातभर अंतरावर उभी.

मी म्हणालो, "व्हय. जरा कमीच हुती."

त्यानं मान हलवली. गाडीत चढला, खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. "तू एकटाच खरं बोललास बघ," म्हणाला.