बॉनेटवर उमटलेलं कुंकू

ह्यांनी आयुष्यात एकच गाडी रंगवली, आणि तिचं बॉनेट बिघडलं.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. ऑफिसातल्या त्यांच्या कामाबद्दल गेल्या वर्षी पुष्कळांनी लिहिलं. गाडीचं कोणाला माहीत नाही, म्हणून मी लिहिते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहत होतो. ह्यांनी एका डॉक्टरांची जुनी अँबॅसिडर घेतली. इंजिन ठणठणीत. रंग काळा.

त्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं, सुमनचं लग्न होतं. सासर धुळ्याचं. बहिणीची पाठवणी आपल्या गाडीतून करायची, एवढं एकच ह्यांच्या डोक्यात होतं.

माझे सासरे, आबा, धरणगावहून आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"काळ्या गाडीमा मन्ही पोर बसाव नही. सांगी ठेवस."

"मग पांढरी करतो," हे म्हणाले.

लग्नसराईचे दिवस. गॅरेजवाले सगळे म्हणाले, लग्नानंतर या.

लग्नानंतर काय करायची पांढरी गाडी?

ह्यांनी दारं, डिकी, बॉनेट खोलून अंगणात मांडलं आणि स्वतःच सुरुवात केली. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पाणी टाकून पॉलिश पेपरने घासायची. घासायला मी आणि सुमन. नवरीच्या हाताला मेंदीच्या आधी काळं पाणी लागलं.

स्प्रे गन नव्हती. कापसाच्या घरातला माणूस, ह्यांना वाटलं, फवारणी ती फवारणी. शेतातला पाठीवरचा पंप आणला, धुतला, थिनर घालून त्यात रंग ओतला.

पंप दारावर थुंकला. थेंबच थेंब. मग आतलं रबर थिनरने फुगलं आणि पंप कायमचा बसला.

आबा ओट्यावरून बघत होते.

"का रे अशोक, गाडीले बोंडअळी लागनी का?"

सुमन हसून हसून खाली बसली. हेही हसले. मग तेच दार आम्ही परत घासलं.

शेवटी भुसावळच्या मित्राने कॉम्प्रेसर आणि गन आणून दिली.

रंग सकाळी मारायचा, वारा सुटायच्या आत. धूळ बसावी म्हणून मी आधी सडा घालायची. रंग उडू नये म्हणून काचांना जुने पेपर चिकटवायचे.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन रद्दीवर झालं. ह्यांना ते माहीत होतं. हातात टेप धरून उभे राहायचे.

"आधी वाचून घे. मग चिकटवतो."

"तुमचं काम खोळंबलंय."

"खोळंबू दे. आतल्या पानावर काय आहे तेही बघ."

रंग चांगला बसला. शेजारीपाजारी बघायला येऊ लागले.

आबांनी डिकी उघडली. डिकीचा आतला भाग राहून गेला होता.

"वरथीन चुना लाया. आत काळीच शे."

आणि त्यांनी ओळखीच्या एकाला जीप घेऊन यायला सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. वडिलांपुढे बोलायची पद्धत नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी बॉनेटला शेवटचा हात मारून हे फुलं आणायला गेले. सासूबाईंनी तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध ठसठशीत स्वस्तिक काढलं. नवी वस्तू, पूजा नको?

रंग वरून वाळला होता. आतून ओला होता.

हे आले. पुसायला गेले, तर लाल आतच मुरलेलं.

"मन्हं चुकनं रे अशोक." सासूबाई रडायच्या बेतात.

"काही नही व्हस आई. सकायले एक हात मारसू."

मारला. दहाच्या उन्हात बॉनेट पांढरं शुभ्र. हे निर्धास्त आंघोळीला गेले.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. मांडवाबाहेर जीप आणि आमची गाडी शेजारी शेजारी. आबा सुमनचा हात धरून जीपकडे निघाले. हे हातात किल्ली घेऊन नुसते उभे.

सुमन थांबली. "आबा, भाऊच्या गाडीकडे बघा."

बॉनेटवर स्वस्तिक परत आलं होतं. फिकट, गुलाबी. लालावर पांढरं मारलं तर लाल वर येतं, हे ह्यांना तोवर माहीत नव्हतं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

आबा वाकले. बोटाने चोळून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

"गाडीनी सोताच कुंकू लायं," म्हणाले, आणि मागचं दार आपल्या हाताने उघडलं. "बस माय."

मी पुढे बसले होते. धुळं येईपर्यंत ह्यांची नजर रस्त्यावर कमी आणि बॉनेटवर जास्त. दोनदा मीच ओरडले, "अहो, बैलगाडी!"

पुढे ह्यांनी ते झाकायचा पुन्हा प्रयत्न केला. गुलाबी पुन्हा वर आलं. मग नाद सोडला. गाडी विकली तेव्हाही ते होतंच.

गेल्या वर्षी हे गेले. जमलेल्या बायकांनी ओल्या फडक्याने माझं कुंकू पुसलं. परत परत पुसलं. इतक्या वर्षांचा डाग, तो कुठे जातो?

सुमन धुळ्याहून पोचली. माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "बॉनेट."

भरल्या घरात आम्ही दोघी हसलो. लोकांनी बघितलं. मग रडलो.

तेराव्याला तिने मला टिकली लावली. मी काढली नाही. आजही आहे.

अहो, तुम्हाला नमस्कार करते.

आजचा पेपर आतल्या पानासकट वाचून झाला आहे.