शिझुएकाकूंचं बिनकचऱ्याचं घर

कचरा कसा टाकायचा हे आमच्या गावाला शिकवलं ते शिझुए उराबे या बाईने. बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा. असे चौतीस प्रकार. दुधाचा खोका धुवायचा, कापून सपाट करायचा, वाळवायचा आणि मग गठ्ठा बांधायचा. या सगळ्याचा चित्रांचा तक्ता काकूंनी स्वतःच्या हाताने रंगवला, त्याला बावीस वर्षं झाली. अजूनही तो घरोघरी स्वयंपाकघरात टांगलेला आहे. आणि जीभ काय तिखट! कुणी न धुतलेला डबा टाकला की काकू त्याच्या दारात हजर. "मासा तुम्ही खाल्लात, वास आम्ही का घ्यायचा हो?"

त्यांच्या घरी एसी नव्हता, खिडकीवर कारल्याचा वेल होता. अंघोळीचं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं अंगणाला. बाजारात निघाल्या की मोठ्या रुमालाला गाठी मारून पिशवी तयार. आम्ही चेष्टा करायचो, की काकूंच्या घरात दिवासुद्धा परवानगी काढून लागतो. काकू म्हणायच्या, "हसा, हसा. पृथ्वी काय तुमच्या बापाची आहे?"

नवरा गेल्यावर एकट्याच राहत होत्या. गेल्या शरदात त्यांच्या पिशवीवर पहिली लाल चिठ्ठी चिकटली.

आमच्याकडे कचऱ्याची पिशवी पारदर्शक असते आणि तिच्यावर घराचं नाव ठळक लिहावं लागतं. काही चुकलं की गाडीवाले लाल चिठ्ठी लावून ती तिथेच ठेवून जातात. मग येणारा जाणारा नाव वाचतो. काकूंना आधी वाटलं, भलत्याच कुणाची पिशवी असेल. जवळ जाऊन बघितलं तर नाव उराबे, अक्षर त्यांचंच, आणि जाळायच्या कचऱ्यात फवाऱ्याचा डबा. तो कधी टाकला ते काही केल्या आठवेना.

दुसरी चिठ्ठी लागली तेव्हा शेजारच्या हिराओबाईंनी ओसाकाला फोन लावून काकूंच्या मुलाच्या, तात्सुओच्या कानावर घातलं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, आधी गॅस, आता कचरा."

"गॅसचं काय? बंद केला होता मी."

"हिराओकाकूंनी बंद केला, आई. हे बघ, आणखी एक चिठ्ठी लागली की मी येऊन तुला घेऊन जाणार. इथल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय."

"माझ्या घरातून मी कुठ्ठेही जाणार नाही!" असं म्हणून काकूंनी फोन आपटला. मग स्वतःच रंगवलेल्या तक्त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात टूथपेस्टची नळी, समोर चौतीस चित्रं. चित्रं सगळी ओळखू येत होती. नळी कुठल्या चित्राची, तेवढंच सुचत नव्हतं. खूप वेळ उभ्या राहिल्या, आणि शेवटी नळी नवऱ्याच्या कपाटात ढकलून दिली.

त्यातूनच त्यांना उपाय सापडला. कचराच नसला तर चिठ्ठी लावणार कशाला? तोफू प्लास्टिकच्या डब्यात येतो, बंद. मासे, अंडी, दूध, सगळं बंद. घरातला भात आणि अंगणातला मुळा, त्याचा पाला, बस्स. तरी जे उरेल ते कपाटात. भूक लागली की गरम पाणी पीत बसायचं, पण घर सोडायचं नाही.

आणि आम्ही? आम्ही कौतुक करत होतो! "बघा, काकूंच्या घरून दोन महिन्यांत एक पिशवी नाही!" हिराओबाई म्हणाल्या, "काकू, बारीक झालात हो. गुपित काय?" काकू म्हणाल्या, "तुम्ही कमी बोला, तुम्हीपण व्हाल." आम्ही खो खो हसलो. मेलं एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

वर गावच्या कचेरीने त्यांना सर्वांत कमी कचऱ्याचं घर म्हणून बक्षीस दिलं. ते घेऊन एका सकाळी कचेरीतली किनुयो आली. तिशीची बाई, लहानपणी खोके कापायला काकूंकडेच शिकलेली. बक्षीस म्हणजे मिठाई. वर फीत, मग कागद, मग खोका, आत प्लास्टिकचा साचा, आणि एकेक वडी वेगळी गुंडाळलेली. काय म्हणायचं या अकलेला!

"उघडा ना काकू, मला फोटो काढायचाय."

काकूंनी उघडलं. फोटो झाला. मग त्यांनी एक वडी खाल्ली, दुसरी, तिसरी, चौथी. किनुयो बघतच राहिली.

"आवडली वाटतं! बरं, आता या वेष्टनांचं करा बघू. चुकलं की माझा कान पिळायचात, आठवतंय?"

काकू मांडीवरचे कागद घाईघाईने बाहीत कोंबू लागल्या.

"अहो, बाहीत काय घालताय?"

काकूंनी तिचं मनगट धरलं. "किनु, तात्सुओला सांगू नकोस. हे कुठे टाकतात, मला आठवत नाही गं. काहीच आठवत नाही."

किनुयोने उठून कपाट उघडलं आणि वासाने मागे सरली.

तिने सांगितलंच. कशी नाही सांगणार?

रविवारी तात्सुओ आला. तोवर आम्ही सगळ्या गल्लीने मिळून ते कपाट उपसलं होतं. तक्ता बघून बघून अकरा पिशव्या लावल्या, प्रत्येकीवर उराबे लिहिलं आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवल्या. तात्सुओ काकूंचा हात धरून गाडीकडे निघाला, तशा काकू पिशव्यांपाशी थांबल्या. वाकल्या. एका पिशवीची गाठ सोडून आतून बाटली काढली, तिचं झाकण फिरवून काढलं, झाकण बरोबर झाकणांच्या पिशवीत टाकलं, बाटली परत ठेवली आणि गाठ पुन्हा बांधली.

"शिकवून शिकवून थकले मी तुम्हाला," त्या आमच्यावर खेकसल्या. मग तात्सुओकडे वळल्या. चेहरा एकदम उजळला होता.

"बघितलंस ना? येतं मला. चल, आता घरी जाऊ."

तात्सुओने मान खाली घातली आणि गाडीचं दार उघडलं.