तासभर आधी कळणारं यंत्र

आमच्या जिन्यात तोलेगेनला सगळे मानाने तोके म्हणतात. मीही म्हणते, फक्त माझ्या तोंडून ते जरा वाकडं बाहेर पडतं. या माणसाने जन्मभर अल्माटीतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. आमचीच तेवढी कायम बंद. निवृत्त झाला आणि लेकाने टाकून दिलेल्या संगणकावर डॉलर-युरोची आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम लिहीत बसला. त्याला तो कौतुकाने 'यंत्र' म्हणतो. बायकोला कधी इतक्या लाडाने हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

खरा पैसा मात्र त्याने लावला नव्हता. "लिफ्टमध्ये आधी वाळूची पोती चढवतात, माणसं नंतर," म्हणायचा. म्हणून जुन्या बातम्या आणि जुने भाव यंत्राला मिनिटामिनिटाने दाखवायचे, त्याने खोट्या पैशाने व्यवहार करायचे, आणि शेवटी उरलं काय ते बघायचं. पोती नीट वर गेली की माणसं चढणार होती. माणसं म्हणजे त्याच्या बायकोचा, कुल्याशचा डाचा, शहराबाहेरचं बागेतलं घर. डोंगराच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि तिच्या वडिलांनी लावलेली अपोर्त सफरचंदाची झाडं. तो विकून पैसे यंत्रात घालायचे, असं त्याच्या मनात होतं. गिऱ्हाईकही ठरलं होतं, एक दातांचा डॉक्टर. शनिवारी बयाणा घेऊन येणार होता.

कुल्याश नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती. नुसती बौर्साक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, तळत होती, आणि ती दिवसातून दोनदा तळायला लागली की समजावं, घरात काहीतरी बिघडलंय.

गुरुवारी संध्याकाळी मी गेले. चहाच्या निमित्ताने, खरं तर बातमी काढायला.

"ये रौशन, बघ!" तोके मला पडद्यासमोर ओढत म्हणाला. "गेल्या मार्चच्या आधी यंत्र रडत होतं. मार्चपासून बघ, नुसतं चढतंय!"

"मार्चमध्ये काय केलंस त्याला? घोड्याचं मटण घातलंस?"

"थोडं सुधारलं."

"तुला सुधारायला कुल्याशला पस्तीस वर्षं पुरली नाहीत. हे एका महिन्यात सुधारलं?"

आतून कुल्याश हसली. तोकेने माझ्याकडे दुर्लक्ष करून एक दिवस उघडला. अमेरिकेतून नोकऱ्यांचे आकडे साडेपाचला आले. साडेपाचलाच यंत्राने डॉलर घेतले. आणि भाव उसळला साडेसहाला.

"म्हणजे बाजार तासभर झोपला होता?"

"बाजार आळशी आहे, बाई. तेच तर गुपित आहे."

"दुसरा दिवस दाखव."

दुसऱ्या दिवशीही तासभर. तिसऱ्या दिवशीही.

"तोके, अरे, जिन्यातली भानगड माझ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागत नाहीत. आणि जगभरचे ते सूटवाले तासभर चहा पीत बसतात? रोज? मोजून तासभर?"

तेवढ्यात कुल्याश चहा घेऊन आली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मी म्हणाले, "अगंबाई, साडेसात? माझी मालिका गेली!"

"आपले साडेसात," कुल्याश म्हणाली. "सरकारचे साडेसहा. बस निवांत."

गेल्या मार्चमध्ये सरकारने शहराची वेळ तासभर मागे घेतली, तेव्हापासून या घरात असंच चालतं. अर्धं शहर कुरकुरलं आणि गप्प बसलं. तोके गप्प बसणाऱ्यांतला नाही. भिंतीवरचं घड्याळ त्याने जुन्याच वेळेवर ठेवलं आणि संगणकाचंही, हट्टाने, वेळ आपोआप बदलण्याचं बटण स्वतः बंद करून.

भाव टिपत होता तो संगणक. जुन्या वेळेने. बातम्यांच्या वेळा तो घेत होता शहरातल्या एका संकेतस्थळावरून. नव्या वेळेने. म्हणजे बातमी आणि भावाची उसळी एकाच क्षणाची, फक्त उसळीवर संगणकाने साडेपाचऐवजी साडेसहा लिहिलं होतं.

चहाची वाटी तोकेच्या हातातच राहिली.

"म्हणजे याला बातमी..." तो म्हणाला.

"तासभर आधी," मी म्हणाले. "इतकं तर मलाही जमत नाही."

त्याने भावांची वेळ तासभर मागे घेतली आणि सगळं वर्ष पुन्हा चालवलं. आम्ही दोघी बौर्साक खात बघत होतो. चढण सपाट झाली, मग थोडी खालीच गेली. खोटे पैसे सुरुवातीपेक्षा कमीच उरले.

मी काहीतरी टोचणारं बोलणार होते. कुल्याशने माझ्या मांडीवर हात ठेवला. गप्प बसले, जमतं मला कधीकधी.

तोकेने डॉक्टरला फोन लावला. "नाही, भाव कमी वाटला म्हणून नाही... नाही, दुसरं गिऱ्हाईकही नाही. विकायचाच नाही." डॉक्टर बराच वेळ बोलत होता. तोकेने ऐकून घेतलं, माफी मागितली आणि फोन ठेवला.

शनिवारी डाच्यावर झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा होता. मीही गेले, काम करायला नव्हे, बघायला. यंत्र त्याने सोडलेलं नाही. मधूनच मोबाइलवर त्याची चाचणी बघत होता.

"आज किती गेले?" कुल्याशने विचारलं.

"खोटेच गेले."

"मग जाऊ देत. ती बादली इकडे आण."