मनकर्णाची मान

मनकर्णाच्या कपाळाला पंधरा वर्षं वस्तीनं शेंदूर फासला. तिच्या दुखऱ्या मानेला बोटभर तेल लावावं, असं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही. पुढे ती हे भेटेल त्याला ऐकवायची, आणि ऐकवताना तिचा आवाज चढायचा. चढायलाच हवा होता.

कारंज्याच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत नाल्याकाठी तिचं सासर. लग्न होऊन आली त्याच साली, निंदणाला गेली असताना तिला ते पहिल्यांदा झालं. वाकलेली उठली आणि मुठीतली चिमणी फडफडावी तसं छातीत काळीज धावत सुटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती शेताच्या धुऱ्यावर बसली आणि मान आपोआप डोलायला लागली.

"मले घेरी येऊन राह्यली," ती म्हणाली.

पण तिची सासू रुख्माबाई तोवर ओरडून मोकळी झाली होती, "माय आली वो! सुनंच्या अंगात माय आली!"

झालं. सुनेचं आजारपण तिथंच मेलं आणि वस्तीला देवीचं झाड मिळालं. ज्याच्या अंगात देवी येते त्याला झाड म्हणायची रीत आहे. नाव अगदी बरोबर ठेवलंय. झाडाला कोण विचारतो, बाबा तुझं काही दुखतं का म्हणून?

देवीचं सगळं नत्थूजी भगत बघायचा. मनकर्णाला घेरी आली की डफ कडाडायचा, आणि डफ जोरात झाला की तिचं काळीज त्याहून जोरात धावायचं. मग नत्थूजी तिचा अंबाडा सोडायचा, केस मुठीत धरायचा आणि "घूम माय, घूम!" म्हणत तिची मान गरागरा फिरवायचा. ती त्याला ढकलायची, तर लोक म्हणायचे, बघा देवीचा जोर. एकदा घशाला कोरड पडून ती "पाणी, पाणी" म्हणाली. नत्थूजीनं लगेच जाहीर केलं, यंदा भरपूर पाऊस पाडते म्हणते माय. लोकांनी तिच्यापुढे लोटांगणं घातली. घोटभर पाणी मात्र तिला कोणी दिलं नाही.

थोड्या वेळानं काळीज आपलं आपण ठिकाणावर यायचं. मग माय संतोषली असं ठरायचं आणि नत्थूजी नारळ फोडायचा.

गावातली पाटलीणसुद्धा प्रश्न विचारायला यायची. एरवी मनकर्णाची सावली विहिरीच्या काठावर पडलेली तिला खपत नसे. अंगात आलेल्या मनकर्णापुढे मात्र ती लांबूनच हात जोडायची आणि नारळ काठीनं पुढं सरकवायची. देवी आली तरी बाईचा विटाळ तेवढा शिल्लक राहायचा. मनकर्णा अर्धवट शुद्धीत ती काठी बघायची.

मान मग कायमची गेली. उजवीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेतला की मानेतून खांद्यात कळ उतरायची. कूस बदलताना ती दात आवळायची. तिचा नवरा कवडू हे सगळं बघायचा. भला माणूस होता तो, आणि भल्या माणसांसारखाच गप्प बसायचा.

छप्पन साली वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घराघरातले देव टोपल्यांत भरून नदीत सोडले. देवीचा तांदळा, तो शेंदूर लावलेला बिनघडीव गोटा, तोही गेला. नत्थूजीनं डफ खुंटीला टांगला. त्या दिवशी मनकर्णाइतकं हलकं कोणालाच वाटलं नसेल. "देवी गेली. माही मान सुटली," ती कवडूला म्हणाली.

पण काळजाला दीक्षेचं काय ठाऊक? कापसाच्या वेचणीला गेली असताना पुन्हा चिमणी फडफडली आणि ती सरीतच आडवी झाली.

"टाकली न तिले पाण्यात? आता कोपली," रुख्माबाई कुजबुजली. तिनंही दीक्षा घेतलेली, पण भीती नदीत सोडायची राहून गेली होती. "आणखी एकदा आली का पुन्हा मांडू तिले. नत्थूजीशी बोलली मी."

दुसऱ्या बाजूनं खुशाल उभा राहिला. वस्तीतला शिकलेला पोरगा, सगळ्यांना पंचशील शिकवायचा. तो म्हणाला, "वहिनी, हे सोंग आता बंद करा. बौद्धाच्या घरात अंगात येणं शोभत नाई. लोक हासतीन आपल्याले."

कोणाचा राग जास्त आला, हे मनकर्णाला सांगता आलं नसतं. सासू म्हणते देवी, खुशाल म्हणतो ढोंग. बाई आजारी आहे, हे साधं वाक्य कोणाच्या जिभेवर येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि देवी परत मांडली की नत्थूजीची मूठ पुन्हा केसांत येणार, हे तिला लख्ख दिसत होतं. ही मान आता एकदासुद्धा ते सोसणार नव्हती.

"मले वर्ध्याच्या दवाखान्यात ने," ती कवडूला म्हणाली. "नेत नसशीन तं मी पायी जातो."

कवडूनं मोटारीनं नेलं. डॉक्टरनं नाडी धरली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "बाई, तुझं हृदय मध्येच ताल सोडून धावत सुटतं," तो म्हणाला. "रोग आहे हा. त्यानंच चक्कर येते." मग त्यानं मान चाचपली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "इथं काय झालं? नवरा मारतो?"

कवडूनं खाली बघितलं.

"नाई जी," मनकर्णा म्हणाली. "देव मारते."

तिनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरचा चेहरा लाल झाला. त्यानं गोळ्या दिल्या. घेरी आली की आहे तिथं आडवं व्हायचं, तोंडावर गार पाण्याचा फडका घ्यायचा, श्वास कोंडून धरायचा. डोक्यावर ओझं नको, मानेला मिठाचा शेक द्यायचा. "आणि ही मान कोणी पुन्हा तशी हिसकली, तर एखाद्या दिवशी उठणार नाहीस."

"हे याले सांगा," तिनं कवडूकडे बोट केलं. "जोरानं सांगा."

डॉक्टरनं जोरानं सांगितलं. बाहेर आल्यावर मनकर्णा मोटारीच्या अड्ड्यावर बसून ढसाढसा रडली. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, बिचारीला मरणाची खबर मिळाली. तिला तर संताप आला होता. रोग होता. साधा, गोळी असलेला रोग होता, आणि पंधरा वर्षं त्याच्यापुढे नारळ फोडले होते.

घरी आल्यावर तिनं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून मान शेकायला सुरुवात केली. जुन्या धोतराची घडी करून गळ्याभोवती गुंडाळायची. ओझं डोक्यावर घेईना, टोपली कमरेवर घ्यायची. "राणी झाली," सासू म्हणायची. मनकर्णा ऐकून सोडून द्यायची, कारण गोळीनं घेऱ्या कमी झाल्या होत्या. कधी आलीच, तर ती आडवी होऊन श्वास कोंडायची आणि बहुतेक वेळा काळीज वळणावर यायचं.

आणि एका दुपारी सासूनं ज्वारीच्या कणगीत हात घालून काहीतरी चाचपलेलं तिनं पाहिलं. मागाहून तिनं स्वतः हात घातला. तळाशी देवीचा तांदळा होता, फडक्यात गुंडाळलेला. म्हातारीनं नदीत नुसतं टोपलं उपडं केलं होतं. मनकर्णानं तो होता तिथं ठेवला, विळा उचलला आणि शेळ्यांच्या कोठ्यात गेली. त्या दिवसापासून तिच्या डोक्यावरचा पदर कोणाला खाली पडलेला दिसला नाही.

वैशाखी पौर्णिमा आली. वस्ती निंबाखाली निळ्या झेंड्याजवळ वंदनेला जमली. सकाळीच ऊन रणरणत होतं. वंदना अर्ध्यावर आली आणि मनकर्णाचं काळीज सुटलं. ती तिथंच आडवी झाली आणि फडका शोधायला लागली.

"आली! माय आली!" रुख्माबाईनं ओटीतून तांदळा काढला. शेंदूर तिनं आधीच लावून आणला होता.

"ढोंग हाये हे!" खुशाल ओरडला.

नत्थूजी पुढं सरसावला. इतक्या वर्षांचा हात तो, सवयीनं पदराखाली गेला, आणि रिकामाच बाहेर आला. पदर घसरला. मनकर्णाच्या डोक्यावर केसच नव्हते. विळ्यानं वेडेवाकडे कापलेले, बोटात सापडणार नाहीत इतके आखूड खुंट तेवढे होते.

"माहा पोरगा जिता हाये न वो!" रुख्माबाई किंचाळली. "केस काऊन कापले?"

"दावं होतं ते," मनकर्णा पडल्या पडल्या म्हणाली. "तोडलं. धरा न नत्थूजी, आता काय धरता?"

नत्थूजी हात मागं घेऊन उभा राहिला. खुशालनं मान फिरवली. सोंगासाठी कोणतीही बाई केस कापत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

"पाणी," मनकर्णा म्हणाली.

कोणी हललं नाही. मग कवडूचा आवाज आला. बारीक आणि कापरा होता, पण आला. "बिमार हाये ते. घेरी येते तिले. तो तांदळा ठेव खाली माय, अन् पाणी आण."

रुख्माबाईनं लेकाकडे बघितलं, सुनेच्या डोक्याकडे बघितलं. तांदळा तिनं झेंड्याच्या ओट्यावर ठेवला आणि ती रांजणाकडे गेली. परत आली ती गडू भरून घेऊन. शेंदराची बोटं गडवाला लागली होती.

मनकर्णानं आधी फडका भिजवून तोंडावर घेतला, श्वास कोंडला, सोडला. मग कोपरावर उठून सगळं पाणी प्याली आणि रिकामा गडू सासूपुढे धरला.

"पंधरा वर्षं लागले, बुढे," ती म्हणाली. "पाणीच तं मांगत होतो."