तांब्याचा गोळा आणि शिवराममामा

सानपाड्याच्या आमच्या कॉलेजात शिवराममामा एकतीस वर्षं फिजिक्स लॅबचे अटेंडंट. खाडीची दमट हवा चार्ज टिकू देत नाही, म्हणून तांब्याच्या पोकळ गोळ्याचा प्रयोग असला की मामा सकाळपासून सगळं सामान दिव्याखाली वाळवत बसायचे. मी तिथे प्राध्यापक, तापट; ते गप्प. आमचं बरं जमायचं.

जानेवारीत त्यांचा एकुलता एक मुलगा आकाश बाइकवरून पडून गेला. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि दुसऱ्याच दिवशी मामा कामावर हजर. डोळे कोरडे. महिन्याभराने त्यांची बायको केशरबाई मला येऊन भेटल्या. हा माणूस पोराच्या मयतीत रडला नाही, म्हणाल्या, याच्याजवळ राहवत नाही. आता भावाकडे परभणीला जाते, कायमची. मलाही ते पटलं. मी मान हलवली. त्याची आजही लाज वाटते.

निघायच्या दिवशी दुपारी त्या घराची चावी द्यायला लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत प्रयोग चालू होता. मामांनी रेशमी दोऱ्याला बांधलेली, चार्ज केलेली पितळी गोटी भोकातून गोळ्याच्या पोकळीत, कुठेही टेकू न देता, सोडली. गोळ्याला तारेने जोडलेली, चार्ज दाखवणारी सोन्याच्या वर्खाची दोन पानं फाकली. मामांनी गोळ्याला बाहेरून अंगठा टेकवला, म्हणजे अर्थिंग केलं, तशी पानं मिटली. चार्ज कुठे गेला, मी विचारलं. जमिनीत गेला, संपला, असं सगळा वर्ग म्हणाला.

एरवी वर्गात तोंड न उघडणारे मामा बोलले. "संपला नाय. आतल्या गोटीवर तेवढाच हाय. हात लावून धरलाय म्हनून बाहेरच्याला कळत नाय."

मग त्यांनी आधी अंगठा काढला, नंतर गोटी वर ओढून घेतली. पानं पुन्हा फाकली. मामा वळले तर दारात केशरबाई.

"मंग मला का नाय सांगितलं?"

"तू पडून पडून रडत व्हतीस. मी पन रडलो असतो, तर तुला कोनी धरलं असतं?"

मी वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला. मामा स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले. केशरबाईंनी चावी मुठीत तशीच ठेवून त्यांचं डोकं पोटाशी धरलं. परभणीची गाडी चुकली. पोर मात्र आता दोघांपैकी कुणालाच परत मिळणार नव्हतं.